हौसाबाईची दोन बोळकी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण ज्यांना ठाऊक होतं ते केव्हाच गेले आणि जी चिंच हे सगळं पाहत उभी होती ती काही बोलत नाही.

एका राज्याच्या अगदी कडेला तीन लहान गावं होती. तिन्ही गावांच्या वाटा एका ओढ्याजवळ येऊन मिळत, आणि तिथे ती जुनी, पसरट चिंच होती. आठवड्यातून एकदा तिच्याखाली बाजार भरायचा. राजधानीतल्या बाजारासारखा तो नव्हता. इथे रेशीम नव्हतं, अत्तर नव्हतं, दलालही नव्हता. ज्याच्या रानात जे पिकलं ते त्यानं पाटीत घालून आणायचं आणि शेजारच्या गावानं ते घरी न्यायचं, एवढाच इथला व्यवहार.

कुठला महिना चालू आहे हे त्या गावांतली माणसं आभाळाकडे बघून नव्हे, बाजाराकडे बघून सांगत. पौषात हुरड्याची कणसं आणि हरभऱ्याचे डहाळे आले की शेकोट्यांचा धूर चिंचेखाली रेंगाळायचा. बोरांच्या पाट्यांपाशी पोरं बसायची, चाखता चाखता निम्मी पाटी रिकामी करायची आणि आंबट आहेत म्हणून नाक मुरडून निघून जायची. चैत्रात कैऱ्या यायच्या, त्यांच्या पाठोपाठ नवे माठ. पावसाळ्यात रानभाज्या यायच्या, त्यातल्या काहींना नावं होती आणि काही फक्त म्हाताऱ्या बायकांच्याच ओळखीच्या होत्या. आणि भाद्रपदात यायची वाळकं.

ज्यांनी वाळूक खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळूक म्हणजे काकडीच्या गोतातलंच फळ, पण काकडीसारखं मिळमिळीत नव्हे. त्याचा वेल बाजरीच्या शेतात उभ्या धाटांच्या आडोशानं पसरतो. कोवळं वाळूक कुरकुरीत असतं, मीठ लावून खावं. पण वेलावरच पिवळं होईपर्यंत राहू दिलं तर त्याला असा काही वास सुटतो की बांधावरून जाणाऱ्याचे पाय आपोआप थांबतात.

त्या बाजारात वाळकं असायची फक्त हौसाबाईकडे. का, ते सांगण्याआधी तिथली एक रीत सांगायला हवी.

वैशाखात, पेरणीच्या तयारीचे दिवस आले की एका बाजारी तिथे काहीच विकलं जायचं नाही. त्या दिवसाला बियांचा बाजार म्हणत. बाजाराची देखरेख करणारा दगडूबा नावाचा म्हातारा चिंचेखाली घोंगड्या अंथरायचा. प्रत्येक घरानं आपल्या सगळ्यात चांगल्या बियाणाचं एक बोळकं, म्हणजे मातीचं लहानसं भांडं, भरून आणायचं आणि घोंगडीवर पालथं करायचं. एकदा पालथं केलं की त्यातला एक दाणाही परत घ्यायचा नाही. मग ज्याला जे हवं ते त्यानं पदरात न्यायचं. कुणाचा घेवडा, कुणाची गवार, कुणाचा दोडका. वर्षभर एकमेकांच्या ताटात एकमेकांचंच बी असायचं.

या रीतीला एक शेपूट होतं. ज्याच्या बियाणाचं फळ तुमच्या वेलाला धरलं, त्याच्या पदरात पहिलं फळ नेऊन घालायचं. आणि तोवर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर वेलाला दृष्ट लागते, असं सगळे मानायचे. लागत असेल किंवा नसेलही. पण त्यामुळे त्या बाजारात पावसाळाभर बरीच माणसं गालातल्या गालात हसत फिरायची.

आता हौसाबाईकडे वळू.

हौसाबाई कामाला वाघ, तोंडानं गोड आणि हिशेबाला पक्की. वाळकाचं बी तिच्या सासूचं. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंच्या काळी वाळकाचे वेल तिन्ही गावांच्या शेतांत होते. मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. ओढा आटला, विहिरी खडखडीत झाल्या, सगळ्यांचे वेल वाळून दोरखंड झाले. आत्याबाईंनी हात धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी जपून जपून परसातला एकच वेल जगवला. त्याला थोडी फळं धरली. ती त्यांनी कुणाला तोडू दिली नाहीत, स्वतःही चाखली नाहीत. पिकू दिली, बी काढलं, राखेत घोळवलं आणि बोळक्यात भरून ठेवलं.

त्याच वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी ते बोळकं हौसाबाईच्या हातात दिलं.

"हौसा, हे बी मोडू दिऊ नगंस," त्या म्हणाल्या. "आपल्या एकटीचं न्हाई ते. पुन्यांदा समद्यांच्या रानात वेल गेला पायजे."

हौसाबाईनं डोळे पुसत हो म्हटलं. तिनं ते मनापासूनच म्हटलं होतं.

पहिल्या वर्षी बी होतंच चिमूटभर, तेव्हा तिनं ते सगळं आपल्याच शेतात पेरलं, आणि ते बरोबरच होतं. भाद्रपदात ती पाटीभर वाळकं घेऊन बाजारात आली. दुष्काळानंतर पहिल्यांदा वाळूक दिसलं म्हणताना तिच्याभोवती ही झुंबड उडाली. लांबलांबची माणसं बैलगाड्या जुंपून आली. बायका तिला नावानं हाक मारू लागल्या, दगडूबानं तिला चिंचेच्या बुंध्याजवळची सावलीची जागा दिली. कधी कुणी फारसं न विचारलेल्या हौसाबाईला त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि इथे माशी शिंकली. पुढच्या वैशाखात बियांचा बाजार आला तेव्हा तिच्या मनात आलं, सगळ्यांच्या शेतात वेल गेले तर माझ्याभोवती कोण जमेल?

ती दुष्ट नव्हती. तुम्ही-आम्ही असतो तशीच होती. पण रिकाम्या हातानं बाजारात जाणं शोभलं नसतं, म्हणून तिनं एक युक्ती काढली. बी पाण्यात टाकलं की भरलेलं तळाला जातं आणि पोचट, आत काही नसलेलं, वर तरंगतं, हे शेतात राबणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. सगळे तरंगणारं बी फेकून देतात. हौसाबाईनं ते गोळा केलं, वाळवलं आणि राखेत घोळवलं. राख लागली की सगळं बी एकाच रंगाचं. भरलेलं कुठलं आणि पोचट कुठलं, बघून ओळखू येत नाही. मग तिनं सारखीच दोन बोळकी घेतली, एकाच जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी त्यांची तोंडं बांधली आणि फळीवर ठेवली. मागचं आपल्या शेतासाठी आणि पुढचं बाजारासाठी.

तिचा नवरा धोंडिबा मोजकं बोलणारा माणूस. त्यानं एकदाच म्हटलं की हे काही बरं नव्हे, एखाद्या दिवशी अंगाशी येईल. आलं तर माझं मी निस्तरीन, असं तिनं उत्तर दिलं आणि विषय तिथेच मिटला.

कुणी तिच्याकडून घेतलेल्या फळांतून बी काढू नये याचीही तिनं तजवीज केली होती. विकायची वाळकं ती कोवळीच तोडायची, आतलं बी जून व्हायच्या आत. बियाणापुरती थोडी फळं तेवढी परसात, कुडाच्या आड पिकवायची. त्यामुळे पिकल्या वाळकाचा तो वास बाजारातून कधी नाहीसा झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वर्षामागून वर्षं अशीच गेली. लोक हौसाबाईचं बी घेऊन जायचे, पेरायचे, वाट पाहायचे, आणि काहीच उगवायचं नाही. पण कुणी तिच्यावर शंका घेतली नाही. घेणार कशी? आत्याबाईंच्या बियाणात त्यांचीच सून खोट करेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. त्यांनी दोष दिला तो आपल्या मातीला आणि आपल्या हाताला. वाळूक फक्त हौसाबाईच्याच हाताला लागतं, असं ते म्हणू लागले. ते ऐकून तिला थोडं टोचायचं आणि थोडं बरंही वाटायचं.

बाजारात तिच्या शेजारी बसायची अंजिरा. ओढ्यापलीकडच्या गावची, वयानं लहान, हौसाबाईला अक्का म्हणणारी. अंजिराचा घेवडा प्रसिद्ध होता आणि ती दर वैशाखात आपलं बोळकं शिगोशीग भरून आणायची. हौसाबाईच्या कुडावर जो घेवडा चढायचा तो अंजिराच्याच बियाणाचा. पहिल्या शेंगा ती रीतीप्रमाणे अंजिराच्या पदरात घालायची आणि अंजिरा हरखून जायची. अंजिराला मात्र तिच्या पदरात घालायला कधी काही मिळालं नाही.

एका वैशाखात, बियांच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, दगडूबा हौसाबाईच्या घरी आला. वाटेत ऊन लागलं म्हणून पाणी प्यायला टेकला आणि बोलता बोलता आत्याबाईंची आठवण निघाली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. आत्याबाईंचं ते बी एकदा बघू दे, असं तो म्हणाला.

आता आली का पंचाईत. पोचट बी त्याच्या हातावर घालावं तर म्हातारा नुसत्या बोटांनी ओळखणार. हौसाबाईनं चटकन मागचं बोळकं पुढे ओढलं, पुढचं मागे ढकललं आणि चांगलं बी त्याच्या तळहातावर ठेवलं. दगडूबानं एक बी राख झटकून चिमटीत धरलं, दाबून पाहिलं आणि मान डोलावली.

"भरलेलं हाय," तो म्हणाला. "म्हातारीनं नाव काढलं आन् सुनंनं राखलं."

तो गेला आणि त्याच क्षणी चुलीवरचं दूध उतू गेलं. मग गोठ्यातली कालवड सुटली. मग धोंडिबा जेवायला आला. हौसाबाईनं बोळक्याचं तोंड बांधून ते फळीवर पुढेच ठेवून दिलं, आणि दोन्ही पुन्हा जागच्या जागी करायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सवयीनं हात घातला आणि पुढचं बोळकं उचललं. घोंगडीवर ते पालथं करताना बी नेहमीपेक्षा जड आवाज करत पडलं, पण तेव्हा तिचं लक्ष अंजिराच्या नव्या बांगड्यांकडे होतं. अंजिरानं पदर पसरून त्यातलं चांगलं ओंजळभर बी घेतलं. बाकीच्यांनी मान राखायचा म्हणून चिमूट चिमूट उचललं. हौसाबाईनं अंजिराचा घेवडा घेतला आणि सगळे हसत-बोलत आपापल्या घरी गेले.

पेरण्या झाल्या. बाजरी उगवली, घेवडा उगवला, दोडक्यानं दोन पानं काढली. वाळकाचा पत्ता नाही. हौसाबाईनं वाट पाहिली, मग बोळक्यातलं उरलंसुरलं बी पुन्हा टोचलं. तरीही काही नाही. शेवटी तिनं बोटांनी माती उकरून एक बी बाहेर काढलं आणि नखानं दाबलं. आत काहीच नव्हतं.

ती तशीच मातीत बसून राहिली. फळीवरची बोळकी तिच्या डोळ्यांपुढे आली, दगडूबाचा तळहात आठवला, घोंगडीवरचा तो जड आवाजसुद्धा आता ऐकू आला. आत्याबाईंचं सगळं बी बाजारात गेलं होतं आणि तिच्या शेतात तिनं स्वतःच्या हातानं फोलपटं पेरली होती. अंगाशी आलं होतं, आणि निस्तरायचं कसं ते तिला कळत नव्हतं.

मग तिच्या मनानं उभारी धरली. बी गेलं म्हणून काय झालं, कुणाच्या तरी शेतात उगवलं असेलच की. सरळ विचारायची सोय नव्हती, एक तर रीत आडवी येत होती आणि दुसरं म्हणजे उगवलं नाही असं हौसाबाईनंच कसं कबूल करायचं? म्हणून विहिरीवर पाणी शेंदता शेंदता तिनं गावातल्या बायकांकडे आडून आडून चौकशी केली, यंदा वाळकाचं बी पेरलं की राहिलं?

पहिलीनं मान खाली घातली. तिनं ते बी कोंबड्यांपुढे टाकलं होतं. दुसरीच्या घरी ते कोनाड्यात राहिलं आणि उंदरांनी खाल्लं. तिसरी तर हौसाबाईचे हात धरून माफी मागू लागली. म्हणाली, इतकी वर्षं पेरून पाहिलं, आमच्या हाताला यशच नाही, म्हणून यंदा तुमचं मोलाचं बी पेरलंच नाही, चुलीत टाकलं, तेवढा राग मानू नका.

त्या सगळ्या तिची क्षमा मागत होत्या. हौसाबाईला वाटलं, यांनी आपल्याला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या वर्षी खरं बी दिलं, नेमकं त्याच वर्षी ते पेरायला कुणी उरलं नव्हतं. लोकांचा तिच्या बियाणावरचा विश्वास तिनंच वर्षानुवर्षं थोडा थोडा करून संपवला होता.

ओढ्याला पाणी आलं, पलीकडच्या गावाची वाट बंद झाली आणि अंजिराला विचारणंही राहून गेलं. तो सगळा श्रावण हौसाबाईनं उदासवाणा काढला. रोज संध्याकाळी दिवा लावताना तिला आत्याबाईंचे शब्द ऐकू यायचे. दुष्काळाला जे बी मोडता आलं नाही ते आपण मोडलं, याचं तिला मनस्वी दुःख झालं. बाजारातली बुंध्याजवळची जागा गेली तरी चालेल, पण एक वेल कुठेतरी असू दे, असं ती देवाला म्हणू लागली.

भाद्रपद आला. ओढा उतरला आणि वाळकांच्या बाजाराचा दिवस उजाडला. न जाण्याची सोय नव्हती, कारण तिच्या कुडावर घेवड्याच्या शेंगा लटकत होत्या आणि पहिल्या शेंगा अंजिराला द्यायला हव्या होत्या. हौसाबाईनं त्या पाटीत घातल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि ती निघाली. दगडूबाला आज सांगून टाकायचं, वाळूक संपलं, असं तिनं ठरवलं होतं.

चिंचेखाली नेहमीसारखी गर्दी होती. लांबून आलेले लोक तिची वाटच पाहत होते. पाटीत फडक्याखाली घेवडा निघालेला पाहून ते हिरमुसले आणि काहीजण गाड्या वळवू लागले. हौसाबाई आपल्या जागेवर जाऊन बसली. अंजिरा अजून आली नव्हती.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर तो वास आला. आधी म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं. दगडूबानं बोलता बोलता मध्येच थांबून मान वर केली. कोपऱ्यात बसलेली एक आजी काठी टेकत उठून उभीच राहिली. तरुण पोरींना कळेना की हे सगळे नाकं फुलवून कुणीकडे बघताहेत. त्यांनी तो वास जन्मात घेतला नव्हता.

ओढा ओलांडून अंजिरा येत होती. पदराखाली तिनं काहीतरी पोटाशी धरलं होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं. ती सरळ हौसाबाईसमोर आली, खाली बसली आणि पदर बाजूला केला. पिवळंधमक, पिकलेलं, हातभर लांबीचं वाळूक होतं.

"घे अक्का," ती म्हणाली. "यंदा माझ्या हाताला लागलं."

हौसाबाईनं पदर पुढे केला नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एक वेल जगला होता. तिला इतका आनंद झाला होता की तो लपवून ठेवणं शक्य नव्हतं, आणि त्या आनंदापुढे बाकी काही लपवून ठेवण्यातही अर्थ उरला नव्हता.

"माझ्या पदरात घालू नगंस, अंजिरे," ती म्हणाली. "इतकी वर्सं म्या तुला पोचट बी देत आले, जानूनबुजून. यंदा बोळकं बदललं म्हनून चांगलं गेलं. ही माझी चूक हाय, दान न्हवं."

अंजिराच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. दर पावसाळ्यात तिनं वाळकासाठी वेगळी ओळ राखली होती, दर सकाळी आपल्या लहान पोरीला घेऊन ती ओळ पाहिली होती, आणि दर वेळी पोरीची समजूत घातली होती. ते सगळं तिला आठवलं आणि तिला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. वाळूक तिनं मांडीवर ठेवलं. मग तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजी माझ्या हाताचा दोष न्हवता?" तिनं विचारलं.

"न्हाई गं," हौसाबाई कशीबशी म्हणाली. "कुनाच्याच हाताचा न्हवता."

विहिरीवर जिनं तिची माफी मागितली होती ती तिसरी बाई गर्दीत उभी होती. तिनंही नकळत आपल्या हातांकडे पाहिलं. रागावावं की हसावं हे तिथे कुणालाच कळेनासं झालं होतं. दगडूबा पुढे आला. त्यानं अंजिराला विचारलं की एकदाही उगवलं नाही, तरी तू दरसाल पेरत का राहिलीस?

अंजिराला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"दिलेलं बी पेरायचं असतंय, बाबा," ती म्हणाली. "कोनाड्यात ठिवून का उगवनार हाय?"

मग ती हौसाबाईकडे वळली. तिच्या मनातली अढी अजून पुरती गेली नव्हती, पण हसू पुन्हा ओठांवर यायला लागलं होतं. तिनं स्वतःच हौसाबाईचा पदर ओढून पसरला आणि वाळूक त्यात ठेवलं.

"अशी चूक दरसाल करत जा, अक्का," ती म्हणाली.

त्यावर आधी कोपऱ्यातली आजी हसली, मग दगडूबा, मग सगळा बाजार. हौसाबाई रडत होती आणि हसतही होती. तिनं फडक्याखालच्या घेवड्याच्या शेंगा काढून अंजिराच्या ओटीत घातल्या.

वाळूक तिथेच चिंचेखाली चिरलं. हौसाबाईनं आतलं बी एकूण एक वेचून ओल्या फडक्यात बांधलं आणि गर वाटायला घेतला. इतक्या माणसांत एका वाळकाचं काय होणार? पोरांच्या वाट्याला नखाएवढी फोड आली आणि मोठ्यांच्या वाट्याला नुसता वास. पण परत निघालेल्या गाड्या थांबल्या होत्या आणि त्या दिवशी चिंचेखालून लवकर कुणी हललं नाही. अंजिराच्या वेलावर आणखी फळं होती. ती तिनं सगळीच्या सगळी पिकू दिली, आणि निम्मं बी हौसाबाईला आणून दिलं.

पुढच्या वैशाखात बियांचा बाजार भरला तेव्हा हौसाबाई एका हातात बोळकं आणि डोक्यावर पाण्यानं भरलेली पितळी परात घेऊन आली. परात तिनं घोंगडीच्या मधोमध ठेवली. मग सगळ्यांच्या देखत आपलं बोळकं त्या पाण्यात पालथं केलं. राख विरघळून पाणी गढूळ झालं, मग हळूहळू निवळलं. वर तरंगलेल्या चार-दोन बिया तिनं अलगद उचलून कोंबड्यांकडे फेकल्या. बाकीचं बी परातीच्या तळाशी पांढरंशुभ्र दिसत होतं. तिनं ते उपसून घोंगडीवर पसरलं.

मग तिनं परात शेजारच्या बाईपुढे सरकवली. आणि गंमत अशी झाली, की त्या दिवशी घोंगडीकडे निघालेली काही बोळकी गुपचूप गाठोड्यात परत गेली. कुणाला अचानक आठवलं की आपण भलतंच बोळकं उचलून आणलं, कुणाला घरी काम निघालं. दगडूबा तेवढा वेळ वर चिंचेचा पाला निरखत उभा होता. दुपारपर्यंत ती सगळी माणसं घरी जाऊन दुसरं बोळकं घेऊन परत आली.

तेव्हापासून त्या बाजारात बी आधी परातीत जायचं आणि मग घोंगडीवर. ती परात पुढे कायमची चिंचेखालीच राहिली.

त्या भाद्रपदात तिन्ही गावांच्या बाजरीत वाळकं पिकली. बाजार लांबूनच वासानं ओळखू यायचा आणि त्या वासावर पूर्वी कधी आल्या नव्हत्या एवढ्या गाड्या येऊ लागल्या. हौसाबाईच्या पाटीभोवती आता पहिल्यासारखी झुंबड नसायची, कारण वाळकं सगळ्यांकडेच होती. पण त्या दिवशी सकाळपासून एकेक बाई पदराखाली काहीतरी धरून, गालातल्या गालात हसत तिच्याकडे येत राहिली. पहिली आली ती विहिरीवरची तिसरी. दुपारपर्यंत हौसाबाईच्या पुढ्यात पिवळ्या वाळकांची एवढी रास झाली की तिला पाय दुमडून बसावं लागलं. तिनं मनातल्या मनात आत्याबाईंना हाक मारली आणि सांगितलं की बी मोडलं नाही. मग तिनं सुरी घेतली आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पोराच्या हातावर एक एक मोठी फोड ठेवायला सुरुवात केली.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आई-बापांनो, एवढं ध्यानात धरा: चांगलं ते आपल्यापुरतं मुठीत झाकून ठेवलं तर आपल्याही हाती राहत नाही, आणि मोकळ्या हातानं दिलं तर सगळ्यांच्या शेतांतून आपल्याकडे परत येतं.